नववी डबी

प्रमिला, तुझ्या घराची किल्ली अजून माझ्याकडेच आहे. सुधीर म्हणाला, महिनाअखेरपर्यंत राहू द्या मॅडम, मग भाडेकरू येतील. तुझा भाऊ मला अजून मॅडमच म्हणतो. किल्ली पूर्वीसारखीच आमच्या दारामागच्या खिळ्याला अडकवली आहे. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी मी दहा मिनिटं वर तुझ्या घरी जाऊन येते. केर नसतो तरी काढते. खिडकी उघडते, गॅलरीत जाते, तुझा तो ट्रे बघते आणि कुलूप लावून खाली येते. सोसायटीतल्या बायका जिन्यात विचारतात, अजून काय असतं हो तुमचं तिथं? मी सांगते, झाडं आहेत. त्या वर बघतात तर गॅलरीत एक कढीपत्ता सोडला तर हिरवं पान दिसत नाही. मग त्या माझ्याकडे बघतात.

तू जाऊन उद्या तीन आठवडे होतील. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तुझ्या ऑफिसातले लोक बोलले. बरं बोलले. तू किती वक्तशीर, एकही फाइल कशी कधी हरवू दिली नाहीस, आणि किती मितभाषी. मितभाषी म्हटल्यावर मला हसू फुटलं, मी तोंडावर पदर धरला, शेजारच्या बाईला वाटलं मी रडतेय, तिने पाठीवरून हात फिरवला. मितभाषी म्हणे! लिथॉप्सचा, तुझ्या त्या दगडासारख्या झाडांचा, विषय निघाला की तुला थांबवायला माझ्या घरातल्या कुकरची शिट्टी व्हावी लागायची. पण त्या झाडांबद्दल तिथे कुणी चकार शब्द काढला नाही, कारण कुणाला ठाऊकच नव्हतं. सुधीरने मलाही दोन शब्द बोला म्हणून खुणावलं. पन्नास पोरांच्या वर्गात घसा फोडणारी बाई मी, पण उठले नाही. माझ्या पोटात तुझ्याशी बोललेलं एक खोटं होतं आणि ते घेऊन तुझ्या फोटोपुढे उभं राहायची हिंमत झाली नाही.

तू ते खोटं खरं मानून गेलीस का, एवढंच मला छळत होतं. बाकीचं रडू येतं आणि जातं, हे मात्र जात नव्हतं. परवाच्या रविवारी त्याचं उत्तर मिळालं. ते तुलाच सांगायला हवं आणि तूच नाहीस, म्हणून हा लिहिण्याचा खटाटोप.

आपण नेरूळला एकाच दिवाळीच्या सुमारास राहायला आलो, आठवतं? रेल्वे यायची होती, रस्ते होते पण त्यांना नावं नव्हती, आणि संध्याकाळी खाडीकडून वारा सुटला की सगळ्या वसाहतीत चिखलाचा वास यायचा. मार्केट मुंबईहून वाशीला आलं म्हणून त्याच्या पाठोपाठ आमच्या ह्यांनी इकडे घर नोंदवलं होतं. ताबा मिळायच्या आत हेच गेले. मुलगा नाशिकला नोकरीला लागलेला. साताऱ्याकडच्या माणसांनी गजबजलेल्या चाळीतून मी एकदम ह्या तीन मजली शांततेत येऊन पडले. दुसऱ्या मजल्यावर मी, तिसऱ्यावर तू, आणि मधे सतरा पायऱ्या. त्या मी पुढे इतक्या वेळा चढले की गुडघ्यांना तोंडपाठ झाल्या.

पहिल्यांदा आले ती नळाची वेळ विचारायला. दार उघडं होतं. तू म्हणालीस, या ना, बसा. मी बसले आणि भिंतीकडे बघितलं. एक बुद्धाची तसबीर, शेजारी निळ्या कोटातला फोटो. तू आतून पेला भरून आणलास. दुपारचे दोन वाजलेले, जिना चढून माझ्या घशाला कोरड पडलेली, आणि मी म्हटलं, "पाणी नको." वर पुस्ती जोडली, आत्ताच पिऊन आले.

हे मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितेय. सासूबाईंवर ढकलता आलं असतं, पण त्या तेव्हा गावी होत्या. गावाकडची सवय म्हणावं तर मी पोरांना सगळे समान म्हणून शिकवणारी बाई. कुणी मला अडवलं नव्हतं. जीभ माझी, घसा माझा आणि नकारही माझाच.

तू तो पेला परत आत नेला नाहीस. उठून गॅलरीत गेलीस, कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलास आणि तिथूनच म्हणालीस, "मास्तरीणबाई, झाडं बघणार?" मी शिक्षिका आहे हे तुला कसं कळलं कोण जाणे, खडूचा वास येत असेल. आले तर कठड्यावर बिस्किटांच्या मोठ्या डब्याचं झाकण, त्यात कॅमेऱ्याच्या रोलच्या नऊ काळ्या डब्या ओळीने उभ्या, प्रत्येकीत खडी. मी विचारलं, ह्यात काय लावलंय? तू म्हणालीस, दगड. मला वाटलं, घे, ही बाई आपली चेष्टा करतेय, आणि केली तर तिचं काही चुकत नाही.

खरं ते मग कळलं. ऑफिसच्या रद्दीत आलेल्या कुठल्याशा मासिकात तू एक फोटो पाहिलास, खडकाळ वाळवंटात वाटाण्याएवढी झाडं, खड्यांत खडा होऊन बसलेली. जनावरांनी खाऊ नये म्हणून ती दगडाचं सोंग घेतात. त्या फोटोने तुला असं काही धरलं की तू डिक्शनरी घेऊन इंग्रजीत पत्र लिहिलंस आणि परदेशातल्या कुणा हौशी माणसांकडून बी मागवलंस. पाकिटातून कागदाची पुडी आली, पुडीत तपकिरीसारखी धूळ. मी शिंकले असते तर माझी सगळी बाग गेली असती, असं तू पुढे कितीदा म्हणायचीस. फोटो स्टुडिओतून मागून आणलेल्या डब्या, त्यांच्या बुडाला तापल्या सुईने पाडलेली भोकं, श्रीखंडाच्या डब्याचं झाकण कातरून केलेल्या पट्ट्या, त्यांवर पेन्सिलीने बी लावल्याची तारीख. कोकणातून आलेली एकटी कारकून बाई नेरूळच्या दमट गॅलरीत आफ्रिकेचं वाळवंट करायला बसली होती, आणि मला त्यात वेडगळपणाशिवाय काही दिसत नव्हतं.

तरी मी येत राहिले, कारण खाली माझ्याशी बोलणारा फक्त टीव्ही होता. हळूहळू अहो-जाहो गळालं. रविवारी आपण तुर्भ्याच्या खदानीवर जाऊन बारीक कपची आणायचो, तुझ्या जुन्या चहाच्या गाळणीने चाळायचो. माती नावापुरती, विटांचा चुरा चिमूटभर, बाकी सगळी कपची. मी म्हणायचे, अगं, ह्यात तण उगवायचं नाही. तू म्हणायचीस, तण नकोच आहे आपल्याला. दोन बायका पिशवीभर खडी घेऊन बसमधून येताना बघून कंडक्टर विचारायचा, मावशी, बिल्डिंग बांधताय का. तू त्याला गंभीरपणे सांगायचीस, हो, नऊ मजली.

आपलं भांडण एकच, आणि ते सात वर्षं पुरलं. ते म्हणजे पाणी. हिवाळ्यात रविवारी शाईच्या ड्रॉपरने प्रत्येक डबीला दहा थेंब, बास. जानेवारी सरला की तेही बंद. तेव्हा जुनी पानांची जोडी सुकत जाते आणि तिच्या पोटात नवी जोडी तिचाच ओलावा पिऊन वाढते. जुनी पानं पार कागद होईपर्यंत वरून एक थेंब द्यायचा नाही. तू म्हणायचीस, बाळ अंगावर पितंय तोवर वरचं कशाला पाजायचं? मी म्हणायचे, लग्न न केलेल्या बाईने मला पोरं वाढवायला शिकवू नये. तू हसायचीस. पण खरंच मला ते बघवायचं नाही. ती सुरकुतलेली, चेपलेली झाडं बघून माझा हात शिवशिवायचा. मी म्हणायचे, कंजूष सासू आहेस तू, सुनांना उपाशी ठेवतेस. दारी आलेल्याला पाणी विचारावं, झाडाला तर विचारायचंही नसतं, घालायचं असतं. त्यावर एकदा तू मान वर न करता म्हणालीस, "ज्याला तहान नाही त्याला पाजायचं, ते कुणाच्या समाधानासाठी गं?"

मला लागलं ते. पाणी विचारण्याच्या गोष्टी मी तुझ्या घरात बसून करत होते, आणि तोवर तिथे पाण्याचा घोट घेतला नव्हता. चहा घ्यायचे. चहाला काय, उकळलेला असतो. हे गणित मी मनात कसं मांडलं होतं, ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. तुला ते कळत नव्हतं असं समजण्याइतकी मी भोळी नाही. तू मात्र पुन्हा कधी पाण्याचा पेला पुढे केला नाहीस.

मग ते फूल आलं. चौथ्या वर्षी, दिवाळी उलटल्यावर, शनिवारी अर्धी शाळा करून मी आले तर तू गॅलरीतून वाकून हाका मारत होतीस. तिसऱ्या डबीतल्या फटीतून पिवळं फूल आलं होतं, झाडाहून मोठं, उन्हात सगळं उघडलेलं. चार वर्षं दगड म्हणून ज्याची टर उडवली, त्याने हे एवढं पोटात ठेवलं होतं. आपण दोघी उकिडव्या बसून बघत राहिलो. तू नाक पुसत होतीस. मला काय झालं माहीत नाही, मी म्हटलं, "प्रमिला, मला पाणी दे गं."

तू थबकलीस. मग विचारलंस, "थंड देऊ की साधं?"

साधं, म्हटलं. पेलाभर पाणी उभ्यानेच प्यायले. तू माझ्याकडे बघितलं नाहीस, फुलाकडे बघत राहिलीस, आणि रिकामा पेला घेऊन आत गेलीस. मी माफी मागायला तोंड उघडत होते, तेवढ्यात तू आतून बोलायला लागलीस की संध्याकाळी ते मिटेल, उद्या दुपारी पुन्हा उघडेल, पाच-सहा दिवस चालेल. ती माफी मागायची राहिली ती राहिलीच. तूच मागू दिली नाहीस, असं मी स्वतःला सांगत आले. सोयीचं होतं ना.

ह्या फेब्रुवारीअखेर तुझ्या मूत्रपिंडांनी दगा दिला. हॉस्पिटलात तुला पाणी मोजून. छोटी स्टीलची वाटी, दिवसातून ठरावीक वेळा, वर एक थेंब नाही. नर्स चांगली होती, पण नियम म्हणजे नियम. जाताना तू मला किल्ली दिलीस आणि बजावलंस, "काही करायचं नाही. नुसतं बघायचं. सुरकुतली तरी बघायचं." मी म्हटलं, कळलं गं, मी काय पहिलीत आहे?

शाळा सुटली की मी यायचे. माझ्या पर्समध्ये पाण्याची बाटली असायची, ती मी तुझ्यासमोर कधी काढली नाही. तू काही मागायची नाहीस. ओठांवरून जीभ फिरवायचीस आणि विचारायचीस, कशी आहेत? मी सांगायचे, तशीच आहेत. पहिला आठवडाभर ते खरं होतं.

आठव्या दिवशी खोलीतला नळ कुणीतरी नीट बंद केला नव्हता. ठिपकत होता. तू बोलत होतीस माझ्याशी, पण तुझे डोळे त्या नळाकडे होते. मी उठून तो घट्ट पिळला. तसं करताना मला वाटलं, आपण ह्या बाईच्या तोंडचं पाणी काढून घेतलं. संध्याकाळी सहाला तुझ्या घरी आले, गॅलरीत गेले. नऊच्या नऊ सुकलेली, टाचेच्या भेगांसारखी फाटलेली. ड्रॉपर भरला. दहा थेंब टाकले आणि तो ड्रॉपर मला नर्सच्या वाटीसारखा दिसायला लागला. स्वयंपाकघरातून पेला आणला आणि ओतलं. तुला देता येत नव्हतं ते त्यांना दिलं, पोटभर दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तुला म्हणून सांगते, त्या तीन रात्री मला छान झोप लागली.

चौथ्या दिवशी ती मऊ पडली. नंतर वास यायला लागला, सडक्या काकडीसारखा. बोट लावलं तर आतून पाणी आलं. सात वर्षं तू जे राखलंस ते मी तीन दिवसांत मारलं, तेही मायेने. उन्हात ठेवून बघितली, पंख्याखाली ठेवून बघितली. तुझ्यापाशी आले ती कबूल करायचंच ठरवून. दारातच सुधीरने गाठलं. म्हणाला, "मॅडम, डॉक्टर म्हणतात आता घरीच न्या. ताईला काय टेन्शन देऊ नका, प्लीज." आत तू विचारलंस, कशी आहेत? मी म्हटलं, तशीच आहेत.

तू शनिवारी घरी येणार होतीस. गुरुवारी मी हेडमास्तरांना दाढ दुखते म्हणून सांगितलं आणि बेलापूरहून उरणची एसटी पकडली. खदानीची कपची टोकदार, मला गोल खडे हवे होते. किनाऱ्यावर वाकून खडे वेचत होते, तर मासळी वाळत घालणारी एक म्हातारी जवळ आली. म्हणाली, "दगरं येचतंस बाय? घर बांधाचा हाय काय?" मी म्हटलं, नाही मावशी, मैत्रिणीला द्यायचेत, आजारी आहे. तिला त्यात काही विचित्र वाटलं नाही. तीही वाकली आणि वाळूतून एक खडा काढून माझ्या हातावर ठेवला. तांबूस, मधोमध पांढरी रेघ. एसटीत बसल्यावर मी रडले, पण खडे मुठीत धरून ठेवले होते.

सडलेली आठ झाडं काढून टाकली आणि त्यांच्या जागी आठ खडे नीट दाबून बसवले. नवव्या डबीत नुसतं सालपट उरलं होतं, कागदासारखं. ते उपटून टाकायला हात होईना. त्याच्यावरच म्हातारीचा रेघवाला खडा ठेवला. लांबून बघितलं. माझ्याच हातांनी केलं नसतं तर मीही फसले असते.

तुझी खाट गॅलरीच्या दाराशी लावली. तू उशीला टेकून ट्रेकडे बराच वेळ बघितलंस आणि म्हणालीस, "छान ठेवलीस गं." मग विचारलंस, "पाणी नाही ना घातलंस?"

"नाही," मी म्हटलं.

तेच ते खोटं. हॉस्पिटलातलं 'तशीच आहेत' मी एक वेळ सुधीरच्या माथी मारीन. हे नाही मारता येत.

नंतरचे दहा दिवस तू मला त्या झाडांबद्दल एकदाही विचारलं नाहीस. मला वाटलं, थकलीस. शेवटून दुसऱ्या संध्याकाळी तू म्हणालीस, "मास्तरीण, तुझ्या पर्समध्ये बाटली असते. माझ्यासमोर काढत नाहीस. पी ना, मला बरं वाटेल बघून." मी बाटली नाही काढली. तुझ्या माठातून पेला भरून आणला आणि तुझ्यासमोर बसून प्यायले, घोट घोट करून, कारण तू बघत होतीस. तुझाही घसा माझ्याबरोबर हलत होता. पेला खाली ठेवल्यावर तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, हां. त्या क्षणी मी सगळं सांगायला हवं होतं, पाण्याचं आणि खड्यांचं, दोन्ही. नाही सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस तेव्हा मी शाळेत पोरांकडून सातचा पाढा म्हणवून घेत होते.

आता तो रविवार. सुधीर सामान आवरायला आला होता. तुझा चष्मा कुणा गरजूला द्यावा म्हणून त्याने चष्म्याचं घर उघडलं, तर आत चष्म्याशेजारी काहीतरी खडखडलं. त्याने ते तळहातावर घेतलं आणि मला विचारलं, "मॅडम, हा कसला खडा?"

तांबूस, मधोमध पांढरी रेघ.

मी खुर्चीवर बसले. सुधीर सांगत होता, घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी दुपारी ताईने तो ट्रे खाटेवर मागितला होता. पेन्सिलही मागितली. तासभर काहीतरी करत बसली, मग म्हणाली, ने परत, होता तसाच ठेव, आणि मास्तरणीला सांगू नकोस. त्याला वाटलं, आजारी माणसाची लहर. मी गॅलरीत गेले. नऊ डब्या, नऊ खडे. पुन्हा मोजले, बोट ठेवून, पहिलीतल्या पोरासारखे. मी नऊच आणले होते, त्यातला एक सुधीरच्या हातात होता, म्हणजे इथे आठ हवे होते.

मग मी पट्ट्या उपसल्या. पुढच्या बाजूला तुझ्या जुन्या तारखा. पहिली पट्टी उलटली तर मागे पेन्सिलीने एकच शब्द, दगड. दुसरी, दगड. तिसरी, जिच्यात ते फूल आलं होतं, दगड. अक्षर थरथरलेलं, पण प्रत्येक पट्टीवर न कंटाळता लिहिलेलं, मी हजेरीत गैरहजर मांडते तसं. आठव्या पट्टीपर्यंत तेच. मग नवव्या डबीतल्या खड्याला मी बोट लावलं. तो किंचित दबला, कानाच्या पाळीसारखा. गार होता, घट्ट होता. गळ्याशी त्या जुन्या सालपटाची चिंधी अडकलेली होती. माझ्या पेल्यातून तो एकटा कसा वाचला देव जाणे. खडा उचलून तो तू मोकळा केलास, म्हणून त्याला उजेड मिळाला, आणि मी तीन आठवडे रोज सकाळी त्याच्यासमोर उभी राहून त्याला दगड समजत होते.

त्या पट्टीच्या मागे लिहिलं होतं, "मास्तरीण, पाणी नको."

म्हणजे तुला दुसऱ्याच दिवसापासून माहीत होतं. आठ दगडांकडे तोंड करून तू नऊ दिवस पडून राहिलीस आणि मला हूं की चूं बोलली नाहीस. प्रमिला, मला तुझा राग आला आहे. खरंच आला आहे. तू मला झापायला हवं होतंस. कंजूष सासू म्हणणारीला चार शब्द सुनवायला हवे होतेस, मी रडले असते, तू वैतागून म्हणाली असतीस बास आता, आणि आपलं भांडण रीतसर संपलं असतं. तू मला माफही अशी केलीस की मला मागायला जागाच ठेवली नाहीस. ही तुझी जुनीच खोड.

आणि ते दोन शब्द. तुझ्या घरात मी बोललेले पहिले दोन शब्द तेच होते. तुला ते आठवत होते का? की तू साधी झाडाची सूचना लिहिलीस आणि मीच आपली उकरत बसले आहे? सतरा पायऱ्या चढून विचारून यावं असं वाटतं, आणि मग लक्षात येतं की मी वरच उभी आहे.

महिनाअखेर ट्रे माझ्या गॅलरीत नेईन. माझ्याकडे ऊन कमी आहे, पण सकाळचं तेवढं येतं. ते आठ दगडही नेणार आहे, त्यांच्या पट्ट्यांसकट. ड्रॉपर धुऊन ठेवला आहे. दसरा झाला की दर रविवारी दहा थेंब, मोजून, अकरावा नाही. तोवर काही करायचं नाही, नुसतं बघायचं. तू सांगितलं होतंस तेव्हा मला हे सोपं वाटलं होतं.

तोवर रोज सकाळी मी तुझ्या माठातलं पाणी बदलते, पेला भरून घेते आणि नवव्या डबीसमोर बसून सगळं पाणी पिते. तिला देत नाही.